भागोजीचं इंजेक्शन

३ नोव्हेंबर १९८६
रत्नागिरी मला आवडणार! एसटीतून उतरले तर न्यायला स्वतः डॉ. शेवडे हजर. त्यांचं खासगी इस्पितळ गावाबाहेर कातळाच्या उघड्या सड्यावर आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मुंबईहून आणलेला जुना गॅमा कॅमेरा, किरण अडवायला शिशाच्या विटा, आणि सगळं माझ्या एकटीच्या ताब्यात. जेवायला सुरमई होती. डॉक्टर म्हणाले, नंदाताई, इथून आपण जगाला दाखवून देऊ.

६ नोव्हेंबर
काम सुंदर आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी हुडकणारे प्रतिपिंड बर्फातून येतात. त्यांना मी किरणोत्सारी आयोडीन जोडायचं. टोचलं की ते अंगात त्या पेशी जिथे असतील तिथे जाऊन बसतं आणि कॅमेऱ्यात ठिपके उजळतात. थोडं दिलं तर नुसता फोटो. पुष्कळ दिलं तर पेशी जळतात. पुष्कळ द्यायची परवानगी अजून नाही.

११ नोव्हेंबर
फाटकाशी एक बाई बसून असते. हौसा, लोट्याची. तिचा नवरा भागोजी तिथल्या कारखान्यात होता. त्याला हाच कर्करोग. मी यायच्या आधी डॉक्टरांनी 'फोटोचं इंजेक्शन' सांगून त्याला जाळण्याइतकं औषध दिलं. हाडातली मज्जा करपली, तोंडातून रक्त जाऊन तो मेला. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तसाही जाणारच होता. हौसा एवढंच म्हणाली, "हाडाहाडांत शोधलात त्याला. आता तो तुम्हाला शोधील."

१७ नोव्हेंबर
डॉक्टर आत आले की किरण मोजायचा काउंटर कडकडतो. त्यांनी कपडे बदलले, अंग धुतलं. तरी तेच. शेवटी हसत हसत कॅमेऱ्याखाली झोपले. पाठीच्या कण्यावर ठिपके! त्यांना तर कुणी सुई टोचलेलीच नाही.

२० नोव्हेंबर
आयोडीन दिवसागणिक विझायला हवं. ठिपके वाढतायत. मुंबईला चला म्हटलं. नको म्हणाले, भागोजीचं सांगावं लागेल. उलट राजापूरचा नवा रुग्ण विठू, त्याच्यासाठी मोठा डोस भरायला लावला. त्यालाही फोटोचंच सांगितलंय. मी — भरला.

२२ नोव्हेंबर
डॉक्टर गेले. चहा पिताना. कप रक्ताने भरला — हौसा फाटकातून बघत होती. रडली नाही, हसली नाही.
विठू बाहेर बसलाय, सुई कधी म्हणून विचारतो. डोस ओतून टाकायला गेले. शिशाच्या डब्यात बाटली तशीच, बूच घट्ट. आत थेंब नाही —

२३ नोव्हेंबर
काउंटर स्वतःकडे वळवला. कडकड.
मी बाई आहे. मला प्रोस्टेट नाही. त्या औषधाला माझ्यात बसायला जागाच नाही —
कॅमेऱ्याखाली झोपले. ठिपके. कण्यावर नाहीत. उजव्या हाताच्या बोटांत. डोस भरला तो हात —

दुपार
विठूला घालवून दिलं. पुन्हा येऊ नको म्हटलं. वाटलं, आता तरी —
ठिपके खांद्यापर्यंत.
हौसाचे पाय धरले. म्हणाली, माझ्या हातात काय आहे बाय, त्यालाच विचार.
विचारते. भागोजी, मी नुसता भरला, टोचला नाही. आणि विठूला तर मी —
तोंडात खारट —
भागोजी, मी