तीन नंबरच्या गोदामातून मुकादमांना

आदरणीय मुकादम,
(नात्याने तुम्ही माझे थोरले मेहुणे, पण तीस वर्षं तुमच्या हाताखाली काढल्यावर जिभेला दुसरं काही वळतच नाही.)

सादर नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. सध्या तुमच्या घरी आणखी एक व्यक्ती मुक्कामाला आहे, तिचीही तब्येत ठीक असावी. ती माझी बायको आहे. येत्या गुरुवारी तिला तुमच्याकडे येऊन तीन आठवडे होतील. मी काही दिवस मोजत बसलेलो नाही, पण दूध रोज नासतं त्यावरून लक्षात येतं. तिने तिची बाजू तुम्हाला सांगितलीच असेल. आता माझीही ऐका, नीट विचार करून न्याय करा आणि तिला परत पाठवा.

आपलं तीन नंबरचं गोदाम आठवतंय ना? त्याचे आता फ्लॅट झालेत. बाहेर पितळी पाटी आहे, तिच्यावर 'ऐतिहासिक वास्तू' असं कोरलंय (आपण होतो तेव्हा गोदामाला सगळे 'पडकं' म्हणायचे आणि वारा सुटला की पत्रे सांभाळायला दोन माणसं वर चढवायचे). निवृत्तीनंतर राहायला अख्खं शहर मोकळं होतं. पण जाहिरात वाचली: एक बेडरूम, नदीकाठ, मूळ वातावरण. माझी मती फिरली. मूळ वातावरण म्हणजे ओल. तुम्ही ती डोळे मिटून ओळखाल, खालच्या थराची पोती काळी करायची तीच ही. तेव्हा त्या ओलीपायी मी तुमच्या शिव्या खाल्ल्या, आता तिचं भाडं भरतो. ज्या जागेत नुसतं उभं राहायचा मला पगार मिळायचा, तिथे झोपायला मी पैसे देतो. यात शहाणपण कुठे आहे ते मी अजून शोधतोय.

बेडरूमच्या मधोमध लोखंडी खांब आहे. तो ऐतिहासिक असल्यामुळे हलवता येत नाही, त्यामुळे एक पलंग खांबाच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं पटो न पटो, सकाळी एकमेकांचं तोंड तरी दिसायचं. माझ्या पलंगावर छताला माल उचलायचा आकडा लोंबतो, बरोबर पोटाच्या वर. तोही ऐतिहासिक. शंभर वर्षांत तो पडलेला नाही, असं व्यवस्थापक बाईंचं म्हणणं. म्हणजे आता कधीही पडेल, असं माझं म्हणणं. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, नदीवरून दिसतात. पडदा लावायचा नाही, वास्तूचं मूळ रूप झाकलं जातं. स्वयंपाकघर एका कपाटात आहे (खोटं नाही सांगत, कपाटाचं दार उघडायचं आणि भाजी परतायची). आणि जिथून आपण होड्यांमध्ये माल उतरवायचो तो मोठा दरवाजा आठवतो का? तिथे आता पूर्ण काच आहे. त्यामुळे आम्हाला नदी जितकी दिसते त्यापेक्षा नदीला आम्ही जास्त दिसतो. हे सगळं तिने दोन महिने सहन केलं, म्हणजे ती या घरापायी गेली असं म्हणता येणार नाही. गेली ती माझ्यापायी. तेवढंच सांगायला इतकी शाई खर्च केली.

त्याचं असं झालं. नदीतून पर्यटकांची नाव जाते, दिवसाला सहा फेऱ्या. तिच्यावर भोंगा घेतलेला एक गाईड असतो. आमच्या काचेसमोर नाव थांबवून तो सांगायचा की इथे कामगार गाणी गात पोती वाहायचे. मुकादम, आपल्याकडे कोण गात होतं? तुम्ही आसपास असताना शिंकायची चोरी होती! तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी काच वीतभर सरकवली (तेवढीच सरकते) आणि ओरडून सांगितलं की गाणीबिणी काही नाही, इथे काटेवाला असायचा, तो प्रत्येक पोत्याचं वजन मोठ्याने पुकारायचा आणि तिकडच्या टोकाचा कारकून ते लिहून घ्यायचा, आणि तो काटेवाला मी. गाईड म्हणाला, पुकारून दाखवा. मी पुकारलं, "एक्याण्णव किलो, पुढचं!" अख्ख्या नावेने टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं घसा फाडला, एकाने कधी टाळी वाजवली नव्हती. तुम्ही तर नाहीच नाही.

तिथे माझं वाटोळं झालं. दुसऱ्या दिवसापासून जेवण अर्धवट टाकून मी काचेशी हजर. ट्रंकेतून खाकी सदरा काढला (बटणं लागत नाहीत, पण लांबून कळत नाही). कुठली फेरी उशिरा आली तर मला राग यायला लागला. अशातच एका दुपारी ही दातात फणी धरून केस बांधत होती आणि गाईडने भोंग्यावर सांगितलं की या काटेवाल्यांच्या पत्नी. चाळीस माणसांनी तिला हात हलवून दाखवले. ती आत वळली आणि तिने बॅग काढली. निघताना म्हणाली, "तीस वर्षं घरात बसून वाट बघितली, की हा माणूस एकदाचा त्या गोदामातून सुटेल. सुटलात, आणि मलाच आत घेऊन आलात. तुम्ही इथे राहायला आलाय की ड्यूटीला?"

मी म्हणालो, "जरा थांब, साडेचारची नाव येतेय."

मुकादम, हे मी म्हणालो. तिने तुम्हाला हे सांगितलं नसेल तर तो तिचा मोठेपणा, आणि सांगितलं असेल तर तुम्ही हे पत्र इथवर वाचलंत हा तुमचा.

असो. करार दोन वर्षांचा आहे आणि मी शब्दाचा पक्का माणूस आहे, हे तुम्ही जाणताच. मी इथून हलणार नाही. तिने यावं. तुम्ही चारशे हमालांना वठणीवर आणलंत, एका बहिणीला समजावणं तुम्हाला जड जाऊ नये.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

आपला,
काटेवाला

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नये. दाखवलंच तर शेवटचा परिच्छेद गाळावा.

ता. क. आणखी एक. ती गेल्यापासून मी एकदाही पुकारलेलं नाही. गाईड भोंग्यावरून माझ्या प्रकृतीची चौकशी करतो, मी खांबामागे उभा राहतो. मला तिच्यावाचून करमत नाही. हे मी तिला जन्मात म्हणालो नाही आणि आज तुम्हाला लिहितोय, यावरून माझी दशा ओळखा.

ता. क. शेवटचं, हे पेन्सिलीने लिहितोय, अक्षराला हसू नये. करार आज सकाळी मोडला, किल्ल्या व्यवस्थापक बाईंच्या हातात दिल्या. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पाकीट मीच तुमच्या दाराखालून सरकवतोय. बेल वाजवायचा धीर होत नाही, म्हणून दोन बॅगा घेऊन खाली जिन्यात बसलोय. तुम्ही दार उघडू नका. तिला उघडू दे.