अरेचा अहो

३ फेब्रुवारी, सोमवार

आईनं आज पुन्हा मला "अहो" म्हटलं! आठ दिवसांत तिसरी वेळ.

मी दुकानाला निघालो होतो. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. "अहो, छत्री घ्या." बाहेर आभाळ निरभ्र. पण छत्रीचं सोडा — अहो! जन्मभर तिच्याकडून अरे ऐकलं. अरे, ऊठ. अरे, जेवलास का? अरे, किती हा उशीर! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आता त्यांचा अहो माझ्या गळ्यात.

बायकोला सांगितलं. ही आधी हसली, "बढती झाली तुमची!" मग माझा चेहरा बघून हसू आवरलं.

आईची आठवण विरत जाणार हे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पण अरेचा अहो होईल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

कारण सापडलं.

दुकानात तीन बाजूंचा आरसा आहे, गिऱ्हाइकाला कोटाची पाठ दिसावी म्हणून. आज एकाच्या खांद्यावर खडूनं खूण करत होतो, तर आरशात एक टकलू पाठमोरा उभा. म्हटलं, बाबा इथे कुठे! बघतो तर मीच. तेच चकचकीत माथं, तेच कानांमागे उरलेले चार केस. बाबांचं चाळिशीत असं झालं होतं, माझं त्रेचाळिसाव्या वर्षी. मग आईची तरी काय चूक?

काजं-बटणं करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, आरशात काय शोधताय?"

"केस."

"कात्रणांत बघा, पडले असतील."

हसलो. मनातून नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

केस लावून घ्यायचे. ठरलं! मागचे काढून पुढे लावतात म्हणे, रोपं लावल्यासारखे. डोक्यावर केस आले की आईला मी मी दिसेन.

आणि खोटं कशाला लिहू — मलाही हवेत. पंचविशीत नुसता भांग पाडायला मला दहा मिनिटं लागायची. गळ्यात टेप अडकवून इतकी वर्षं लोकांना चांगलं दिसायला मदत करतोय. कुणाचं पोट लपवतो, कुणाचा उतरता खांदा उचलून देतो. मग स्वतःच्याच डोक्याला का वाऱ्यावर सोडायचं?

१० फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात गेलो. डॉक्टर तिशीतली बाई, बोलायला मोकळी. पेनानं माझ्या कपाळावर रेघ ओढली — इथून केस सुरू होतील — आणि आरसा हातात दिला.

मी म्हटलं, "डावीकडे दोन सूत वर गेलीय."

तिनं पट्टी लावली. खरंच गेली होती! "तुम्ही काय करता?" "कटिंग मास्टर." मग आमचं जमलं.

तिनं भिंगातून डोक्याची मागची बाजू तपासली. मी विचारलं, "मागं माया किती आहे?"

"माया?" ती गोंधळली. समजावून सांगितलं. शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतो, पुढेमागे कपडा सैल करायला. त्याला आम्ही माया म्हणतो. ती खळखळून हसली. मग म्हणाली, "बेताची आहे. जपून वापरावी लागेल. तिथून काढलेला केस तिथे पुन्हा येत नाही." हे मला वेगळं सांगायला नको.

अडीच हजार केसांच्या मुळांचं काम. एक दिवस लागेल. डोक्यापुरतीच भूल. लावलेले केस महिन्याभरात गळतात — घाबरायचं नाही म्हणे! — मुळं आत राहतात, तीन-चार महिन्यांनी नवे यायला लागतात. पूर्ण दिसायला एक वर्ष.

वर्ष!

आईकडे वर्ष आहे का? तशी ती ठणठणीत आहे. पण मला ओळखण्याचं वर्ष तिच्याकडे उरलंय का? हे त्या बाईंना विचारलं नाही. तारीख घेऊन आलो. सत्तावीस.

११ फेब्रुवारी

दिवसभर कपाळ चोळतोय. रेघ जात नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज भलताच घोटाळा!

दुपारी जेवायला घरी आलो. हात धूत होतो तेवढ्यात आतून हाक आली, "अहो!" म्हटलं, हीच असणार. तिथूनच ओरडलो, "आलो, आलो, राणीसाहेब! जरा दम धरा!"

ही स्वयंपाकघरातून डोकावली. "मी नाही हाक मारली."

एका घरात दोन अहो म्हटल्यावर दुसरं काय होणार! जीभ चावत आईसमोर गेलो. तर तिनं केसांवरून हात फिरवला आणि चक्क लाजली. काय काम होतं तेही विसरली. बाबा तिला कसलीच हाक मारत नसत. दारात उभं राहून खाकरायचे, की आई उठायची.

ही हसून हसून बेजार. मी पण हसलो. मग जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू की नको? लिहितोच.

संध्याकाळी आईची नखं कापत बसलो होतो. ती हळूच म्हणाली, "अहो, एक बोलू? रागवाल."

मी मान हलवली.

"पोराला चित्रं काढायची होती. त्याच्या शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या, हात फार चांगला आहे म्हणून. तुम्ही त्याच दिवशी त्याला दुकानात शिलाई मशीनवर बसवलंत. मी दाराआड उभी होते. एक शब्द बोलले नाही. तो माझ्याकडे बघत होता हो!"

नेलकटर खाली ठेवला. मला सगळं आठवतं. दाराआडची तीही आठवते. अठ्ठावीस वर्षं मी ते मनात धरून आहे, आणि बाबांपेक्षा तिच्यावर धरून आहे. बाबांकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. तिनं तोंड उघडावं एवढंच हवं होतं.

आज उघडलं, तर ते मला नाही, बाबांना!

ती उत्तराची वाट बघत होती. उत्तर बाबांचं हवं होतं. जे सुचलं ते बोललो. "तुझं नाही गं. माझं चुकलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग दुसरा हात पुढे केला, "याची राहिलीत." त्याही हाताची कापली.

नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

१९ फेब्रुवारी

कोटाची बाही उलटी जोडली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा! मावशींनी उसवून दिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "केसांनी आई परत मिळणार असत्या तर मीच तुम्हाला हात धरून नेलं असतं. स्वतःसाठी लावा ना, खुशाल लावा! त्यांच्या माथी कशाला मारता?"

बरोबर आहे तिचं. पण बरोबर आहे म्हणून लगेच पटतं, असं कुठे असतं?

गुंता असा आहे. केस आले तर कदाचित अरे परत येईल. पण मग बाबांशी बोलायचं जे राहिलंय, ते ती कुणाशी बोलणार? आणि नाही लावले तर मी तिचा नवराच राहणार, शेवटपर्यंत. मला नाही व्हायचं बाबा. मला आई हवीय. एवढा त्रेचाळीस वर्षांचा घोडा, पण हवीय!

२६ फेब्रुवारी

उद्या.

दवाखान्यातून सूचना आली: पुढे बटणं असलेला शर्ट घालून या, डोक्यावरून काढावा लागेल असा नको. शर्टाचं मला सांगतात! नवाच शिवला. मावशींनी काजं केली, म्हणाल्या, "केस आल्यावर आम्हाला ओळख द्या हो, मास्तर."

आईनं आज कुठलीच हाक मारली नाही. अरे नाही, अहोही नाही. दिवसभर कान तिकडेच होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

निघायच्या आधी आईला चहा दिला. तिनं नवा शर्ट बघितला, हात वर करून माझी कॉलर सारखी केली.

"अरे," म्हणाली.

अरे!

"ते कधी 'माझं चुकलं' म्हणाले असते का? तेव्हाच ओळखलं मी तुला."

मग कप पुढे केला. "अहो, साखर कमी आहे."

खिशात दवाखान्याचा फोन वाजत होता. मी साखर आणायला आत गेलो.