चौकाला खिडकी म्हणतात

आयेस,
देवूचा तुझ्या पायांवर माथा. रूपाली, मोठ्याने वाचून दाखव.

आये, मी बरा हाय. जेवण पोटभर मिळतं. परांचीवरून पडलो होतो, पण फार लागलं नाय. बाबाचा गुडघा कसा हाय?

ज्या शाळेला रंग देतोय ती दीडशे वर्षांची म्हणून तिचं भारी कौतुक. दगडी कमानी आभाळाला भिडलेल्या, आणि वर्गात भरदुपारी दिवे! भिंतीवर मेलेल्या हेडमास्तरांची तैलचित्रं, एकाच्याही तोंडावर हसू नाय.

त्यांच्यातच काचेत एक चौक लावलाय, तू लग्नघरी तांदूळ वाटून भिंतीवर काढतेस तसलाच. पण आत पालघट देवीच नाय, कोरा! खाली पाटी, 'खिडकी, वारली चित्र'. मी चित्रकलेच्या सरांना म्हटलं, "खिडकी असेल तर उघडून दाखवा. हा लग्नाचा चौक, देवीशिवाय आमच्यात लग्न लागत नाय."
"तू रंगारी ना? भिंत रंगव."
ही शिकलेली माणसं! मी कॉलेज सोडलं तेच बरं. भांडलो नाय, तुझी आण. फक्त ब्रश आपटला.

रूपाली, पुढचं हळू वाच.

जमुनाला बोईसरच्या कंपनीतला कोणी वेल्डर बघून गेला म्हणे. वेल्डर म्हणजे काय राजा? आये, तू तिच्या घरी जाऊन माझ्यासाठी विचार. हो म्हणाले तर चौकासाठी तांदूळ वाटायला घे, मी निघालोच. नाय म्हणाले तर तिच्या लग्नाचा चौक काढायला तुलाच बोलावतील.

जाऊ नको.

तुझा,
देवू