सर्जेरावांच्या हातचं

कर्वेनगर, ४ नोव्हेंबर २०२५

चि. सर्जेराव यास, अ. आ.

गोठ्यावर तुझ्या फोनला रेंज नसते, म्हणून पत्र दुधाच्या रिकाम्या कॅनमधून पाठवतेय.

रविवारी तुझ्या गोठ्यावर मामानं दिलं म्हणून माझी लेक पूर्वा, पाचव्या महिन्याची गर्भार, ग्लासभर धारोष्ण दूध प्यायली. मग मी मागे गेले, तर उकिरड्यावर कुत्री गाभडलेल्या गाईचं अपुऱ्या दिवसांचं मेलेलं वासरू ओढत होती. ज्या हातांनी तिची वार काढलीस, तेच बनियनला पुसून तू धार काढलीस! वर बाटलीवर लेबल: ‘सर्जेरावांच्या हातचं, जसंच्या तसं’. हात पाहिले बाबा.

लागोपाठ दुसरी गाय गाभडली. हा ब्रुसेलोसिस असला, तर कच्च्या दुधातून माणसाला होतो. गर्भारणीचं काय होतं ते लिहवत नाही. गाईंचं रक्त तपासून घे. तोवर विक्री बंद.

लोभ असू दे, पण उकळून.
ललिताताई

मांजरी, ७ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

शेणाचा वास तुला आता येऊ लागला, नवल हाय. गाईला नजर लागलीय; बिब्बा बांधलाय. डॉक्टर आला की सोसायटीची गिऱ्हाईकं पळणार. तापवून प्या म्हणलं, तर तिथल्या मॅडम म्हणतात, मग तुमच्याकडनं कशाला घ्यायचं! मी रोज तांब्याभर कच्चं पितो. संध्याकाळी ताप येतो, घाम फुटतो, कंबर धरलीय, ते हवेनं. पूर्वाला एक बाटली वेगळी धाडलीय.

माया पातळ करू नकोस.
सर्जेराव

कर्वेनगर, १० नोव्हेंबर

चि. सर्जेराव यास, अ. आ.

बाटली मोरीत ओतली, वर उकळतं पाणी. पूर्वाचं रक्त सध्या स्वच्छ आहे. महिन्यानं पुन्हा तपासायचंय. तोवर ती पोटावर हात ठेवून बसते आणि मी तिच्याकडे बघत. तिच्या डॉक्टरीणबाईंना तुझा ताप, घाम, कंबर वाचून दाखवली. म्हणाल्या, भावाला आजच तपासायला पाठवा. नजर लागलीच असेल तर तुला लागलीय, गाढवा. बिब्बा कुठे बांधतोस?

माहेरचं भांडं रिकामं परत करू नये, हे आईचं वळण. एरवी साखर घालते. या वेळी रबरी हातमोजे भरलेत.

राग धर, पण दवाखान्यात जा.
ललिताताई

मांजरी, १८ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

माझ्या रक्तात तेच निघालं. गोळ्या लई दिवस घ्यायच्यात. तीन गाईंना लागण हाय, वेगळ्या बांधल्यात. उकिरड्यावरची घाण चुना टाकून खोल पुरली. दूध बंद. गिऱ्हाइकांना मीच फोन करून खरं सांगितलं. एक मॅडम रडली. तिचं लेकरू दोन वर्षांचं. ताई, लेबलावर माझेच हात हायेत.

पूर्वाचं कळलं की आधी मला कळव.

कॅन उकळून रिकामाच धाडतोय. मोजे घरात सगळ्यांना पुरले नाहीत. साखर नको, मोजेच भर.

तुझा
सर्जेराव