भिंतीतला एल्बो

गुरुवार, संध्याकाळ

शॉवरचं सामान घेताना मी दुकानदाराला स्पष्ट म्हटलं होतं, "भिंत के अंदर का एल्बो ब्रास का दो." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. नवऱ्याला म्हणाला, "भाईसाब, प्लास्टिकवाला भी चलेगा." नवरा लगेच, "हां, वही दो."

आज प्लंबरने शॉवरचा पाइप आवळला आणि तोच एल्बो, पाइपचा तो प्लास्टिकचा जोड, भिंतीत आतल्या आत तडकला. आता परवाच लावलेली टाइल फोडायची. वर नवरा प्लंबरला हसत सांगतोय, "मॅडमने पसंद किया था."

मी गप्प का बसले? परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून? त्याला मात्र मला पाडता आलं.

उद्या ब्रासचा एल्बो आणायला मी एकटीच जाणार. दुकानदार विचारेल, "भाईसाब नहीं आये?"