सगळ्या घरचा चहा

बाई, आज मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला अजून तुम्हीच लागता.

मी इंटर्न म्हणून संस्थेच्या नारायणगावच्या ऑफिसात आले, तेव्हा तुम्ही पहिला धडा दिलात तो चहाचा. जिच्यावर अत्याचार झालाय तिच्या घरी सरळ जायचं नाही. आळीतल्या सगळ्या घरी जायचं, बचत गटाचं बोलायचं, त्यातच तिच्याकडे टेकायचं. "च्या घ्यायचा तर समद्या घरी, न्हाईतर कुठंच न्हाई. लोकांचं डोळं कपावर असत्यात." डिंगोरे गावात तुम्ही घरोघरचा चहा प्यायलात. जिच्यासाठी गेलो होतो ती माझा हात सोडत नव्हती आणि तुम्ही दारातून म्हणालात, "ऊठ." परतताना जीपमध्ये मी फुगून बसलेय, तुम्ही पित्ताची गोळी चघळताय.

आता इंटर्न माझ्याकडे येतात. यंदाची पुण्याची, हुशार, जरा हट्टी. तिलाही मी तुमचाच धडा दिला. गेल्या आठवड्यात शिनोलीच्या पुढच्या एका गावात तिनं सगळीकडे चहा नको म्हटलं, आणि आमच्या केसमधल्या मुलीकडे मात्र घेतला. वर चांगली तासभर बसली. शेजारणीनं संध्याकाळीच मुलीच्या आईला गाठलं, "आमचा च्या कडू लागतो व्हय त्या पावण्यांना? तुमच्यातच एवढं काय बसायचं व्हतं?" दुसऱ्या दिवशी आईचा फोन, "ताई, तुमी आता येऊ नका. पोरगी साक्षीला येणार न्हाई." साक्ष सोमवारी आहे.

इंटर्नला ऑफिसच्या स्वयंपाकघरात उभी करून मी वाट्टेल ते बोलले. ती रडली नाही. म्हणाली, "ताई, ती मुलगी कित्येक दिवसांनी खोलीतून बाहेर आली होती. चहा तिनं स्वतः केला होता. नको कसं म्हणू?" तुमच्याकडे याला उत्तर होतं का? तुम्ही तो चहा घेऊन बसला असतात, की तिथंही "ऊठ"च म्हणाला असतात? तेव्हापासून हेच डोक्यात चाललंय. जेवायला बसते आणि उठते.

आज दुपारी मुलीनंच फोन केला, आईच्या मोबाइलवरून, हळू आवाजात. "आईला मी समजावलंय. सोमवारी येते मी. पण त्या दिवसाच्या ताई शेजारी बसणार असतील तरच. तुमी नाय आल्या तरी चालंल."

मी लगेच हो म्हणाले. ती बोलणार, बाई. एवढ्याचसाठी तर आपण आयुष्यभर चहा ढोसले. मला लई आनंद व्हायला हवा होता, आणि मी दुपारपासून येरझारा घालतेय. तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला दिलं नसतं. दोन ओळींत तुम्ही ओळखलं असतंत, की मला आज त्या मुलीच्या काळजीपेक्षा इंटर्नचा हेवा जास्त वाटतोय.