मटणातली पात

नागोया,
९ मार्च २०२५

सौ. स्नेहलता विहीणबाईंना नमस्कार.

अनघा परवा दवाखान्यातून घरी आली, काल दोन भाकऱ्या खाल्ल्या, आज माझ्यावर खेकसली. म्हणजे बरी आहे. आपल्या नातीला, तन्वीला, काही झालेलं नाही. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही पत्र हातात धरून रडत बसाल.

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा. चौथीनंतर मी शाळा बघितली नाही. फोन केला असता, पण तो अनघाच लावून देते आणि शेजारी उभी राहते.

इथली थंडी सरत आली. शेजारचे मिझुनो-सान म्हातारपणीही डोंगरात शिकारीला जातात. त्यांनी रानडुकराचं मटण दिलं, बोटभर चरबीचं. इथले लोक त्याचे कागदासारखे काप करून पाण्यात उकळतात. मी आपलं वाटण लावलं, आणि वरून घालायला नदीकाठची लसणाची पात खुडून आणली.

रानातला पाला मी नाकाने ओळखते. चुरडायचा आणि हुंगायचा. पण या दिवसांत इथे झाडांचा पिवळा पराग उडतो. आठ दिवस माझं नाक चोंदलेलं होतं. सांगितलं नाही कुणाला.

अनघा म्हणाली, "आई, या पातीला लसणाचा वास कसा नाही?"

"तुझ्या आईने तरी रान बघितलंय का कधी?" मी म्हटलं.

बिचारी मुकाट जेवली. तन्वीने तिखट म्हणून ताट सरकवलं. मी मागून बसणार होते. अर्ध्या तासात अनघाला उलट्या सुरू झाल्या, पाय लटपटायला लागले. माझा धीरज कामाला ओसाकाला गेलेला. मिझुनो-साननी गाडी काढली, टोपलीतलं एक पानही बरोबर घेतलं. डॉक्टरने बघताच सांगितलं, ही पात नव्हे, विषारी फुलझाड आहे. पंधरा दिवस थांबले असते तर पिवळी फुलं येऊन मलाही कळलं असतं.

सलाईन चालू असताना तिने फोनवर धीरजला सांगितलं, "मीच खुडली." मी तोंड उघडलं तर म्हणाली, "आई, तुम्ही गप्प बसा. तो तुम्हाला पहिल्या विमानाने परत पाठवेल."

बसले गप्प. मग तुमचा फोन आला. एवढी शिकलीस, साधं पान ओळखता येत नाही, पोरीच्या जिवावर उठली होतीस, म्हणून तुम्ही तिला अर्धा तास झोडपलंत. मी शेजारी बसून संत्रं सोलत होते. सोलतच राहिले.

पात मी खुडली होती, विहीणबाई.

आज सकाळी धीरजला सगळं सांगून टाकलं, नाकाचंही. आधी तो भडकला. दुपारी बाहेर गेला आणि माझ्या नाकाचं औषध घेऊन आला. विमानाचं नाव काढलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आज मला चहाचा वास आला.

आता अनघाला फोन करा. तिला बोललात ते परत घ्या आणि माझ्यासाठी ठेवा. मी आले की समोर बसून ऐकेन, मध्ये बोलणार नाही. उरलेलं कच्चं मटण फ्रीजरमध्ये आहे, पुढच्या रविवारी करायचं म्हणते ती. पात दुकानातली आणायची, आणि तीही आधी तिच्या नाकाखाली धरायची, असं ठरलंय.

तुमच्या लेकीने पाठीशी घातलेली,
तिची सासू